राजवाड्यात टांगलेली चूक

मी चोवीस वर्षं राजवाड्यात काढली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या गळ्याकडे बघतो. तिथे साधं मंगळसूत्र दिसलं की त्याचा चेहरा पडतो. मग मी खुलासा करते, की बाबा रे, नोकरी होती, म्युझियममधल्या गाईडची. त्यावर दुसरा प्रश्न ठरलेला: "भिवंडीत राजवाडा आहे?" आहे. लूम, गोडाऊन आणि खड्डे यांच्यातून वाट काढत खाडीच्या अंगाला गेलात तर एका छोट्या जहागीरदाराचा दुमजली राजवाडा लागतो. ट्रस्टचं नाव मी इथे लिहीत नाही. आमचे सेक्रेटरीसाहेब हयात आहेत आणि दिवाळी अंक वाचतात.

जहागीर लहान होती, हौस मात्र दांडगी. या जहागीरदारांनी वरच्या मजल्यावरचा दिवाणखाना एका चित्रकाराला वापरायला दिला, तो दिलाच. पुढे जहागीर गेली, मंडळी मुंबईला राहायला गेली, पण चित्रकार काही उठला नाही. अख्खा राजवाडा त्याचा स्टुडिओ झाला. आम्ही नोकरमंडळी त्याला आर्टिस्टसाहेब म्हणायचो. दिवाणखान्याच्या उंच खिडक्या उत्तरेला आहेत. उत्तरेकडून ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि चित्रकाराला तोच हवा असतो. हे वाक्य मी हजारो वेळा म्हटलंय. अजूनही कुणाच्या घरी उत्तरेची खिडकी दिसली की तोंडात येतं.

लोकांना वाटतं, गाईडचं काम म्हणजे पाठांतर. पाठांतर महिन्याभरात होतं. खरं काम असतं लोकांच्या हातापायांवर नजर ठेवायचं. तोंड आपोआप बोलत राहतं आणि डोळे बघत असतात, की कोण महिरपीला टेकतोय, कोण राणीसाहेबांच्या पलंगाची गादी दाबून बघतोय. चित्रांपासून दोन पावलांवर फरशीवर एक लाल रेघ मारलेली आहे. "कृपया रेघेच्या मागे" हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त बोललेलं वाक्य. एकदा घरी ताट वाढताना नवरा भांड्यात डोकावला, तर त्यालाही तेच म्हणाले.

आमची गर्दी रविवारी नसायची, शुक्रवारी असायची. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे सुट्टी. कारागीर, लूम दुरुस्त करणारे जॉबर, शेठ, सगळे बायकामुलांना घेऊन यायचे. आणि प्रत्येक जण राजवाड्यात आपापला धंदा बघायचा. एका शेठनी दरबार हॉल पावलांनी मोजला आणि बायकोला खुशीत सांगितलं, "चोवीस लूम आराम से बैठेंगे." पडघ्याचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हायवेपासून जरा आत आहे, पण गोडाऊनला भाड्याने देतात का?" परके ते परके, पण माझा सख्खा मामा! खारबावहून मुद्दाम आला, सगळा राजवाडा माझ्यामागे मुकाट्याने फिरला. मला वाटलं, भाचीचा अभिमान वाटतोय. शेवटी म्हणाला, "सुनंदा, यवरा मोठा हॉल हाय नि रिकामा परलाय. आपल्या बंट्याची हलद इथं करू न्हाय?" मी म्हटलं, "मामा, इथे डीजे लावला तर झुंबर खाली येईल." तो म्हणाला, "झुंबराखाली कोनी बसाचा न्हाय, मी सांगतू ना सगल्यांना." बंट्याची, म्हणजे मामाच्या मुलाची, हळद शेवटी दारात मांडव घालूनच झाली. मामा मात्र वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही.

एक प्रसंग आठवला की अजून घाम फुटतो. आर्टिस्टसाहेबांच्या खोलीतल्या फरशीवर रंगांचे थेंब सांडलेले होते, निळे, शेंदरी, हिरवे. ते डाग म्हणजे आमचा ठेवा. नवीन लागलेल्या सफाईच्या मावशींना हे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे यायचे म्हणून त्यांनी ॲसिड आणि काथ्या घेऊन अर्धी खोली लख्ख केली आणि मला हौसेने दाखवायला बोलावलं. "किती वर्सं कोनी घासली नव्हती बाई!" मी मटकन खाली बसले. पण बसून भागणार नव्हतं. पाहुणे आले तेव्हा मी खोलीच्या मधोमध उभी राहून ठणकावून सांगितलं, की फरशी मुळात कशी होती आणि आर्टिस्टसाहेबांनी तिचं काय केलं, हे दोन्ही बघता यावं म्हणून अशी रचना केली आहे. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकाने वहीत लिहून घेतलं.

त्या दिवसापासून मला एक वाईट खोड लागली. ठाऊक नसलेली गोष्टसुद्धा मी ठासून सांगू लागले. गाईडने "माहीत नाही" म्हटलं की लोकांना पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं, असं मी स्वतःला समजवायची.

आता मुख्य गोष्ट. त्या खोलीत राणीसाहेबांचं मोठं चित्र आहे. माणूसभर उंचीचं, नऊवारीतलं, हातात पंखा. साडीच्या काठाला कुयऱ्यांची रांग. चित्र सगळं पुरं आहे, फक्त खाली उजव्या कोपऱ्यात हातभर जागा कोरी आहे आणि तिथे बारीक चौकटी आखलेल्या आहेत. काही चौकटी गेरूसारख्या रंगाने भरलेल्या, काही रिकाम्या. लोक विचारायचे, हे काय? मी सांगायची, "लहान चित्रावरून मोठं करायचं तर चित्रकार अशा चौकटी मारतात. आणि मधल्या रंगीत चौकटी म्हणजे साहेबांनी रंग लावून बघितलाय." पहिलं वाक्य एका पुस्तकातलं, दुसरं माझ्या पदरचं. म्युझियमला नवे बोर्ड लागले तेव्हा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि ही दोन्ही वाक्यं तीन भाषांत छापून भिंतीवर गेली.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना ट्रस्टने ठरवलं की चित्रांची डागडुजी करायची. मुंबईहून तज्ज्ञ येणार होते. सेक्रेटरीसाहेबांनी यादी केली आणि त्यात लिहिलं, राणीसाहेबांच्या चित्राचा कोपरा स्वच्छ करून जमिनीच्या रंगाने भरून घेणे. "इतकं देखणं चित्र आणि खाली ही गिचमीड. लोकांना वाटतं आपलं दुर्लक्ष आहे," ते म्हणाले. मी मान हलवली. मला काय, दोन वाक्यं कमी बोलावी लागणार होती.

त्यानंतरच्याच शुक्रवारी मकबूलभाई आले. साठीपुढचे, पांढरी दाढी, धामणकर नाक्याजवळ स्वतःचे आठ लूम. एकटेच आले होते. सगळे पुढे गेले तरी हे राणीसाहेबांसमोर उभेच. मी वळून बघते तो काय, लाल रेघ ओलांडून, कमरेत वाकून, डोळ्याला पिकग्लास लावून कोपरा न्याहाळतायत. पिकग्लास म्हणजे कापडाचे धागे मोजायचं घडीचं छोटं भिंग. भिवंडीत धंद्यातल्या माणसाच्या खिशात ते असतंच.

"चाचा! रेघेच्या मागे!" मी ओरडले.

ते हलले नाहीत. तोंडाने पुटपुटत होते, "तीन भरे, दो खाली, एक भरा..." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ये नक्शा किसने निकाला?"

"कसला नकाशा? बोर्ड वाचा ना."

त्यांनी बोर्ड वाचला, मराठी आणि हिंदी दोन्ही. मग फार अदबीने म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना. बोर्ड ज्याने लिहिलाय त्याला काही माहीत नाही."

मला झणझणीत राग आला. पण त्यांनी समजावलं ते शांतपणे. काठावर नक्षी विणायची तर आधी चौकटीत मांडतात. एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा, उभ्या सुताचा, एक धागा. भरलेली चौकट म्हणजे धागा वर उचलायचा, रिकामी म्हणजे खाली ठेवायचा. विणकर हे ओळीने वाचतो आणि तसा माग चालवतो. "हा कुयरीचा नक्शा आहे मॅडम. देठ इथून सुरू होतो, बघा. आर्टिस्टला चौकटी कुठून येणार? चित्र त्याने काढलं असेल. चौकटी विणकराच्या हातच्या आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हमारे दादा, अब्बा के अब्बा, इसी महल के लिए बुनते थे. नूरमियाँ नाम था. घर में किसी ने सच नहीं माना."

मी म्हटलं, "चाचा, तीन आठवड्यांनी हा कोपरा पुसणार आहेत."

त्या माणसाचा चेहरा मी विसरणार नाही. नुसते भिंग मिटून हातात धरून उभे राहिले. आणि मला सफाईच्या मावशी आठवल्या. मावशींनी अजाणतेपणी फरशी घासली, तर मी चारचौघांत त्यांना काय काय बोलले होते. इथे तर माझ्याच बोर्डाच्या आधाराने पुसायला निघाले होते.

सेक्रेटरीसाहेबांकडे गेले. म्हटलं, मी चुकले, त्या चौकटी विणकामाच्या आहेत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "भोईरबाई, बोर्ड तुमचाच ना? इतकी वर्षं तुम्हीच सांगताय. आता कोणी पॉवरलूमवाला आला आणि म्हणाला म्हणून?"

"साहेब, तेव्हा मी ठोकून दिलं होतं."

"आणि आज नाही कशावरून?"

मी टेबलासमोरून हलले नाही. शेवटी ते म्हणाले, "त्या चौकटींतून कुयरी निघते ना? मग कापडावर काढून दाखवा. तज्ज्ञ येण्याआधीच्या शुक्रवारपर्यंत."

फोटोला मनाई होती. म्हणून मकबूलभाई रेघेच्या आत जाऊन भिंगातून वाचायचे आणि मी रेघेमागे बसून अभिप्रायाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायची. तीन भरे, दो खाली. पूर्ण दुपार गेली. येणारे जाणारे पर्यटक हा कसला मंत्र चाललाय म्हणून थांबून ऐकत होते. एका बाईंनी तर जाता जाता हात जोडले.

मकबूलभाईंच्या लूमवर साधं कापड निघायचं, बिननक्षीचं. नक्षीसाठी ताण्याचे धागे वेगवेगळे उचलणारं डॉबी नावाचं यंत्र लूमच्या माथ्यावर बसवावं लागतं. तसलं एक जुनं डॉबी त्यांच्या माळ्यावर पडून होतं. ते त्यांनी उतरवलं, पुसलं, लाकडी पट्ट्यांवर माझ्या वहीप्रमाणे खुंट्या ठोकल्या आणि चालता लूम त्यासाठी थांबवला. आठातला एक लूम आठवड्यापेक्षा जास्त बंद ठेवणं म्हणजे काय, ते भिवंडीकराला सांगायला नको. त्यांचे धाकटे भाऊ माझ्यादेखत म्हणाले, "भाईजान, दादा के वास्ते पोतों को भूखा मारोगे क्या?" मकबूलभाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं. तिथे लूमच्या आवाजात ते सोपंही होतं.

कापड निघालं त्या दिवशी मी शेडमध्ये होते. त्या खडखडाटात बोलता येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. मकबूलभाईंनी मला हाताने बोलावलं. काठावर कुयरी आली होती! गोल पोट, वर वळलेलं टोक. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मात्र भिंग लावलं आणि लूम बंद केला.

"देठ तुटलाय," ते म्हणाले.

खरंच. प्रत्येक कुयरीच्या देठात एका धाग्याची फट होती. नखाएवढ्या देठात केसभर फट, पण एकदा दिसली की तीच दिसत राहायची. त्यांनी खुंट्या तपासल्या, बरोबर होत्या. मग चाचरत म्हणाले, "मॅडम, लिखने में शायद..."

"मी?" मी उसळले. "बावीस वर्षांत माझ्या रजिस्टरला कुणी बोट लावलं नाही!" दुसऱ्या दिवशी वही घेऊन चित्रासमोर, रेघेमागेच, बसले आणि एकेक चौकट पडताळली. वहीत चूक नव्हती. चूक चित्रातल्या चौकटींत होती. एक चौकट भरायची राहून गेली होती.

मकबूलभाई खचले. त्यांचं म्हणणं असं, की विणकर नकाशात चूक करेलच कशी? म्हणजे सेक्रेटरीसाहेबच खरे. हे आर्टिस्टचंच काहीतरी, आणि आपण उगाच दादाचं नाव चिकटवायला निघालो. "रहने दो मॅडम," फोनवर म्हणाले. मी त्यांना दटावलं. म्हटलं, शुक्रवारी या, नाहीतर मी नाक्यावर येऊन सगळ्या शेडला ऐकू जाईल असं बोलेन. लूम चालू असताना.

शुक्रवारी आले. सेक्रेटरीसाहेबांनी कापड उलटसुलट केलं. "कुयरी आहे खरी. पण मोडकी आहे हो. चौकटींतून ओढूनताणून काहीही निघेल. राजवाड्याचा विणकर असं काम करेल? आणि राणीसाहेब असा काठ नेसतील?"

त्यांच्या "नेसतील" या शब्दासरशी मी चित्राकडे बघितलं. रोज बघायची, पण लाल रेघेमागून, लोकांकडे अर्धं तोंड करून. मी मकबूलभाईंच्या हातातलं भिंग घेतलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा रेघ ओलांडली. साहेब म्हणाले, "बाई!" मी थांबले नाही. राणीसाहेबांच्या साडीच्या काठाला भिंग लावलं.

प्रत्येक कुयरीचा देठ तुटलेला होता.

आर्टिस्टसाहेब समोर दिसेल तेच काढणारे. साडी जशी विणून आली, तशीच त्यांनी रंगवली, फटीसकट. म्हणजे आधी चौकटी, त्यातून साडी, आणि साडीवरून चित्र. कोऱ्या कॅनव्हासच्या कोपऱ्यात विणकराने नकाशा मांडला असणार आणि आर्टिस्टसाहेबांनी तेवढी जागा राखली असणार. आळीपाळीने तिघांनी भिंगातून बघितलं. सेक्रेटरीसाहेबांनी दोनदा बघितलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "यादीतून तो कोपरा काढा." मोठ्या मनाचा माणूस, एवढं मान्य करायला हवं. नंतर नव्या बोर्डावर विणकर म्हणून नूरमियाँचं नाव घालायला मात्र मला त्यांच्याशी महिनाभर भांडावं लागलं.

मकबूलभाई हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. "मॅडम, दादा काय म्हणायचे माहिती आहे? हमारी एक गलती महल में टंगी है. आम्हाला वाटायचं, बुड्ढा फेकतोय. घरात कुणी काही बिघडवलं की आम्ही चिडवायचो, जा, महल में टांग दे."

बोर्ड लागल्यावर पहिल्याच शुक्रवारी ते आईला घेऊन आले. अम्मी नव्वदीच्या, नूरमियाँच्या सूनबाई. खुर्चीत बसवून दोघा मुलांनी त्यांना जिना चढवला. मी ठेवणीतली माहिती सुरू केली, उत्तरेच्या खिडक्यांपासून. अम्मींनी हात वर केला. "बेटी, वो सब छोड़. गलती दिखा."

मी त्यांची खुर्ची रेघेच्या आत घेतली, भिंग त्यांच्या हातात दिलं आणि देठावर बोट ठेवलं. त्यांना दिसायला वेळ लागला.

"इत्ती सी?" मग म्हणाल्या. "अब्बाजी ने इसके बाद नक्श का काम छोड़ दिया था. मैं ब्याह के आई तब सादा कपड़ा बुनते थे. मरते दम तक सादा. मी विचारलं एकदा, तर म्हणाले, जिससे एक धागा न संभले वो बेल-बूटे क्या बुने. आणि आम्ही हसायचो त्यांना."

मकबूलभाईंना हे ठाऊक नव्हतं.

अम्मींनी माझा हात धरला. "बेटी, तू इतने साल यहाँ है. किती लोकांनी दाखवली तुला ही गलती?"

हजारो माणसं माझ्यासमोरून गेली होती. प्रोफेसर, चित्रकार, परदेशी पाहुणे, साड्यांतलं सगळं कळणाऱ्या बायका. या वेळी मी काही ठोकून दिलं नाही.

"कुणीच नाही, अम्मी. एकानेही नाही. रोज बघून मलासुद्धा दिसली नव्हती."

त्यांनी डोक्यावरची ओढणी सारखी केली, राणीसाहेबांकडे पाठ केली आणि खोलीच्या रिकाम्या बाजूकडे बघून जरा मोठ्याने, म्हाताऱ्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुना अब्बाजी? किसी को नहीं दिखी."